पटावरचा डोंगर

युद्ध वाईट असते, हे आपल्यापैकी कोणालाही पटवून द्यावे लागत नाही. दर रविवारी पवित्र मिस्सेमध्ये आपण शेजाऱ्याकडे वळून त्याला शांती देतो आणि घरी येतो. त्याच रविवारी दुपारी जेवणे आटोपली, की आम्ही चौघे स्नेही एका मेजाभोवती बसतो, इटलीचा एक भला मोठा नकाशा पसरतो आणि तिन्हीसांजेची घंटा होईपर्यंत युद्ध खेळतो. गेली अनेक वर्षे हा आमचा परिपाठ आहे. घरची मंडळी हसतात, मुले सोंगट्या मागतात. आमच्यापैकी एकाला मात्र एकदा प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना प्रश्न पडला, की ह्या खेळाचाही उल्लेख करावा काय? त्याने तो आम्हांला बोलून दाखवला तेव्हा आम्ही त्याची थट्टा केली. प्रश्न मात्र तेथेच राहिला. माणसांनी माणसांना मारल्याचा इतिहास वाचताना, पडद्यावर पाहताना, पटावर मांडताना मनाला जो आनंद होतो तो कशाचा आनंद आहे? आणि तो घेणे निर्दोष आहे काय?

हा छंद नवा नव्हे. बुद्धिबळाचे मूळ नाव चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगेच त्या पटावर उतरली. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने वडिलांची कल्पना पुढे नेऊन खऱ्या भूभागाच्या नकाशावर खेळायचा युद्धखेळ सिद्ध केला. त्यात फासे होते, निवाडा देणारा पंच होता, आणि कोणत्या माऱ्याने किती माणसे पडतील याची कोष्टके होती. तेथील सेनाप्रमुखाला हा खेळ नसून युद्धाचे शिक्षणच आहे असे वाटले, आणि तो पलटणींतून शिकवला जाऊ लागला. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली शिशाच्या शिपायांनी घरात खेळायच्या लढायांवर पुस्तक लिहिले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकले युद्ध किती बरे, असेही त्यात सुचवले. पुढल्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ पासून पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचे युद्धखेळ सर्वसामान्यांच्या घरात आणले. आमचा खेळ त्याच परंपरेतला. नकाशावर मधमाशीच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे, आणि प्रत्येक सोंगटीवर हल्ल्याच्या बळाचा, बचावाच्या बळाचा व चालीचा आकडा. फासा पडतो, कोष्टक पाहिले जाते, आणि हजारो माणसांची एक सोंगटी पटावरून उचलून डबीत टाकली जाते. टाकताना टक् असा आवाज होतो. तो आम्हांला आवडतो, हेही सांगून टाकलेले बरे.

आमचा जीव जडला तो मॉन्टे कॅसिनोवर. नेपल्सहून रोमला जाणारा जुना राजमार्ग लिरी नदीच्या खोऱ्यात शिरतो, त्या खोऱ्याच्या तोंडाशीच पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा हा डोंगर उभा आहे. त्याच्या माथ्यावर संत बेनेडिक्ट यांनी इ. स. ५२९ च्या सुमारास मठ स्थापन केला. युरोपातील मठजीवनाला ज्या नियमावलीने आकार दिला ती याच ठिकाणी सिद्ध झाली. १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत ह्या डोंगरासाठी चार लढाया झाल्या. जर्मनांनी नदी व डोंगर यांच्या आधाराने बचावाची गुस्ताव फळी उभारली होती. अमेरिकन, ब्रिटिश, न्यूझीलंडर, फ्रेंच, पोलिश आणि हिंदी पलटणींनी आळीपाळीने त्या फळीवर धडका दिल्या.

पुस्तकात हे वाचताना फारसे डोक्यात शिरत नव्हते. पटावर मांडले आणि उलगडा झाला. हिवाळ्यातल्या चिखलाने सोंगटीची चाल अर्ध्यावर येते. नदी ओलांडण्यात उरलेली चाल संपते. पैलतीरावर पोहोचलेली तुकडी एकाकी पडते आणि वरून सगळे दिसणारा शत्रू तिला टिपतो. ज्या सेनापतींना आम्ही पूर्वी मठ्ठ म्हणत होतो, त्यांच्याच चुका आम्ही एका दुपारीत तीनदा केल्या. डोंगर, नदी, रस्ता, पाऊस आणि भूक यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसाला कोणता मार्ग मोकळा होता, हे समजणे हा बुद्धीचा निर्मळ आनंद आहे. बुद्धी देवाने दिली आहे, आणि तिचा हा आनंद पापमय आहे असे आम्हांला आजही वाटत नाही.

याहीपुढे जाऊन आम्ही म्हणू, की डावपेचांचा अभ्यास सदसद्विवेकाला आवश्यकच आहे. मठावरील बाँबफेकीचेच उदाहरण घ्यावे. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी सकाळी दोनशेहून अधिक विमानांनी तो मठ जमीनदोस्त केला. आपल्या मंडळींपैकी कोणीही हे ऐकताच ‘घोर पाप!’ असे म्हणेल. तथापि ते पाप का होते? जनरल फ्रान्सिस टकर चौथ्या हिंदी डिव्हिजनचे प्रमुख होते. त्यांच्या माणसांना तो डोंगर चढायचा होता. माथ्यावरच्या इमारतीची माहिती वरिष्ठांकडून मिळेना, तेव्हा नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांत शोध घेण्यात आला आणि १८७९ साली छापलेल्या एका पुस्तकात मठाच्या भिंतींचे वर्णन सापडले. त्या पायथ्याशी दहा फूट जाड होत्या. आत आज शत्रू असो वा नसो, ऐन हल्ल्याच्या वेळी तो आत शिरला तर आपली माणसे त्या भिंतींखाली मरतील, असा टकर यांचा युक्तिवाद होता. आपल्या हाताखालच्या शिपायांचे प्राण वाचवू पाहणाऱ्या माणसाचा तो युक्तिवाद आहे, राक्षसाचा नव्हे. न्यूझीलंडचे जनरल फ्रेबर्ग यांनी बाँबफेकीची मागणी लावून धरली. अमेरिकन जनरल क्लार्क यांचा विरोध होता. अखेर अलेक्झांडर यांनी संमती दिली.

मग घडले काय? जर्मन सैनिकांना मठाच्या इमारतीत प्रवेश करण्यास मनाई होती. तेथील जर्मन सेनापती फॉन सेंगर हे स्वतः कॅथॉलिक आणि बेनेडिक्टाइन संघाशी प्रापंचिक सभासद म्हणून जोडलेले होते, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग. मठात होते ते वृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे, मोजके मठवासी आणि आश्रयाला आलेले शेकडो गावकरी. त्यांतले शंभराहून अधिक ढिगाऱ्याखाली गेले. लगतच्या कड्यांवर असलेल्या हिंदी डिव्हिजनच्या तुकड्यांना वेळेची धड पूर्वसूचनाही नव्हती, त्यामुळे बाँबफेकीपाठोपाठ चढाई झालीच नाही. मुख्य हल्ला झाला तो दोन दिवसांनी, आणि तोवर जर्मन छत्रीधारी सैनिक त्या ढिगाऱ्यात ठाण मांडून बसले होते. उभ्या इमारतीपेक्षा पडलेले दगड त्यांना अधिक सोयीचे ठरले. डोंगर पडला तो तीन महिन्यांनंतर, १८ मे रोजी, जनरल आंडर्स यांच्या पोलिश सैनिकांच्या हाती.

आता पाहा: निरपराध्यांची हानी आणि साधावयाचा हेतू यांचे प्रमाण राखले पाहिजे, लढणारा आणि न लढणारा यांत भेद केला पाहिजे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. सरसकट विध्वंस हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा होय, असे द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु हे माप कॅसिनोला लावायचे तर भिंतींची जाडी, चढाईची वेळ, ढिगाऱ्यातून होणारा बचाव हे सारे समजून घ्यावे लागते. त्याशिवाय आपला निषेध हा केवळ हळहळ ठरतो, आणि उद्या कोणी गणवेशधारी तज्ज्ञ येऊन ‘लष्करी गरज होती’ असे म्हणाला की आपण गप्प बसतो. आम्ही गप्प बसत नाही, आणि हे बळ आम्हांला प्रवचनांनी दिले नाही, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांनी दिले.

येथवर आमची बाजू मजबूत आहे असे आम्ही समजत होतो. ती ढासळली ती एका चित्रपटामुळे.

ते कसे, हे सांगण्यासाठी आमच्या सर्वांत आवडत्या चालीविषयी सांगितले पाहिजे. चौथी लढाई ११ मेच्या रात्री सुरू झाली. कॅसिनोच्या नैर्ऋत्येस, लिरी खोऱ्याच्या पलीकडे औरुंची डोंगररांगा आहेत. इतक्या दुर्गम, की तेथून मोठे सैन्य येईल असे जर्मनांना वाटत नव्हते आणि त्यांनी तेथे थोडीच माणसे ठेवली होती. फ्रेंच सेनापती अल्फाँस ज्युएँ यांनी नेमका तोच मार्ग निवडला. त्यांच्याकडे मोरोक्कोच्या डोंगराळ मुलखातील पलटणी होत्या. सामान खेचरांवर लादून त्या वाट नसलेल्या कड्यांवरून गेल्या, दोन दिवसांत त्यांनी मॉन्टे माइओचे शिखर घेतले आणि गुस्ताव फळीची बगल उघडी पडली. इतर सेना महिनोन् महिने जेथे डोके आपटत होत्या ते कोडे असे सुटले. युद्धशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाला विचारा, तो ह्या चालीची वाखाणणीच करील. आमच्या पटावरही फ्रेंच बाजू घ्यायला चढाओढ असे. ज्याच्या वाट्याला ती येई, तो त्या डोंगरी सोंगट्या हातात घेताना जरा सावरून बसे.

व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘टू विमेन’ हा १९६० सालचा चित्रपट आम्ही पाहिला तो सोफिया लॉरेन यांच्या अभिनयाची कीर्ती ऐकून. त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळाले होते. युद्धाचा चित्रपट म्हणून तो आम्ही लावलाच नव्हता. त्यात तोफा-रणगाडे फारसे नाहीत. रोमवर बाँब पडू लागल्यावर एक विधवा आपल्या कोवळ्या मुलीला घेऊन माहेरच्या डोंगराळ गावी जाते. तेथे ते दोघी उपासमार सोसतात, युद्ध सरण्याची वाट पाहतात. अखेर दोस्तांचे सैन्य येते, सुटका होते, आणि परतीच्या वाटेवर विसाव्यासाठी दोघी एका उद्ध्वस्त चर्चमध्ये शिरतात. छप्पर फुटलेले आहे, वेदीसमोर ऊन पडले आहे. तेथेच सुटका करणाऱ्या सैन्यातील शिपायांची टोळी त्यांना गाठते. पुढे काय होते ते कुटुंबाच्या वाचनात येणाऱ्या ह्या पानांवर लिहिण्याची गरज नाही.

चित्रपट संपल्यावर आमच्यापैकी एकाने हळूच विचारले, ‘हे कुठलं खोरं?’ उत्तर आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. ते शिपाई मोरोक्कोच्या पलटणीचे होते. तो मे महिना १९४४ चा होता. ती आमचीच चाल होती.

कथा काल्पनिक आहे, पण आधार काल्पनिक नाही. मूळ कादंबरीचे लेखक अल्बेर्तो मोराविया स्वतः त्याच मुलखातील डोंगरांत लपून राहिले होते. औरुंचीच्या पायथ्याच्या गावांतून त्या दिवसांत असंख्य स्त्रियांवर, मुलींवर अत्याचार झाले. १९५२ साली हा प्रश्न इटलीच्या संसदेत निघाला तेव्हाही त्यांतील कित्येकींना धड मदत पोहोचलेली नव्हती. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ते शिपाई परसत्तेखाली भरडलेल्या गरीब मुलखातून आणलेले होते, त्यांतील पुष्कळ जण त्याच कड्यांवर मेले, सगळेच दोषी नव्हते, आणि ह्या बाबतीत हात पूर्ण स्वच्छ आहेत असे त्या महायुद्धातील कोणत्याच मोठ्या सैन्याला म्हणता येणार नाही. आम्हांला छळणारी गोष्ट निराळी होती. आमच्या खेळातील त्या सोंगटीवर तीन आकडे होते आणि तिन्ही बरोबर होते. खेळाने आम्हांला खोटे काहीच सांगितले नव्हते. शत्रूची बगल, खेचरांची वाट, मिळालेले गुण, सगळे खरे. त्या घरात एक आई आणि एक मुलगी होती, एवढेच त्याने सांगितले नव्हते, आणि आम्ही विचारलेही नव्हते.

मग चित्रपट हाच खरा गुरू, असे म्हणावे काय? तसेही नाही. १९९७ साली ‘बॉर्डर’ लागला तेव्हा आम्ही चित्रपटगृहात होतो. शत्रूचा रणगाडा पेटला की शिट्ट्या पडत होत्या, त्यांत आमच्याही होत्या. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात आलिपियस ह्या आपल्या मित्राची हकिकत सांगितली आहे. त्याला मल्लांच्या रक्तरंजित झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले, तेव्हा तो डोळे घट्ट मिटून बसला. एकाएकी प्रेक्षकांतून आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले, आणि त्या क्षणी रक्त पाहून तो जणू मद्य प्यायल्यासारखा झाला. पुढे तोच इतरांना झुंजी पाहायला घेऊन जाऊ लागला. आम्हांला वाटते, आलिपियसचा घात डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक केला. ती गर्दीची आरोळी आता घरात शिरली आहे. २०२२ पासून युक्रेनमधील युद्धाची, ड्रोनने वरून टिपलेली दृश्ये आपल्या मुलांच्या मोबाइलवर येतात. खंदकातला माणूस वर पाहतो, आणि चित्र तेथेच तुटते. खेळ कोणता आणि मरण कोणते, हे पडद्यावरून ओळखू येत नाही.

दोन्हींत साम्य आहे ते उंचीचे. पटावर वाकून पाहणारा आणि ड्रोनच्या डोळ्यांतून पाहणारा, दोघेही वरून पाहतात. मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान प्रभू येशूला एका फार उंच डोंगरावर नेतो आणि जगातील सर्व राज्ये व त्यांचे वैभव दाखवतो. त्या उंचीवरून राज्ये दिसतात, माणसे दिसत नाहीत. यावरून आम्ही काही काळ अशा निष्कर्षाला आलो होतो, की उंचीवरून पाहणेच मुळात पाप असावे, आणि खेळ माळ्यावर टाकून द्यावा.

त्या निष्कर्षापासून आम्हांला परावृत्त केले ते एका सैनिकाने. २० मे १५२१ रोजी पाम्पलोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना शौर्याच्या अद्भुत कथा वाचायच्या होत्या. त्या घरात नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती आली. शौर्याची स्वप्ने रंगवतानाही त्यांना आनंद होई, पण मागाहून मन कोरडे पडे. संतांच्या वाटेने जाण्याच्या विचाराने मिळणारा आनंद मागाहूनही टिके. आनंद कोणता, यापेक्षा तो ओसरल्यावर काय उरते हे त्यांनी पाहिले. ही कसोटी आम्ही स्वतःला लावली. टकर यांच्या पुस्तकाचा शोध घेताना मिळालेला आनंद दुसऱ्या दिवशीही टिकला होता. सोंगटी डबीत टाकल्याच्या आवाजाचा आनंद टिकला नव्हता.

संत झाल्यावरही इग्नेशियस यांच्यातला सैनिक मेला नाही. त्यांच्या आध्यात्मिक साधनेत प्रभुजन्माचे मनन करताना नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणावयास सांगितले आहे: तो लांब किती, रुंद किती, सपाट आहे की दऱ्याखोऱ्यांतून जातो. मोहिमेपूर्वी भूभाग न्याहाळणाऱ्या सरदाराची ही नजर! आणि त्याच्याही आधी, देहधारणेच्या मननात, त्रैक्य उंचावरून संपूर्ण पृथ्वीकडे पाहत आहे असे चित्र आहे. म्हणजे देवही वरूनच पाहतो. परंतु त्याला दिसतात ती माणसे: कोणी गोरे, कोणी काळे, कोणी युद्धात तर कोणी शांततेत, कोणी रडणारे, कोणी हसणारे, कोणी जन्मणारे, कोणी मरणारे. त्यानंतर नजर खाली येते ती नाझरेथमधील एका मुलीच्या खोलीत.

आमच्या पटावर हे कसे आणावे? आम्ही प्रयत्न केला. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या काही सोंगट्या कापल्या आणि गावांच्या घरांवर ठेवल्या. त्यांना आकडे नव्हते. नियम असा केला, की पांढरी सोंगटी असलेल्या घरावर तोफा डागल्या किंवा तेथे सैन्याला मोकळे सोडले तर गुण वजा होतील. पहिला डाव आम्ही बिचकत खेळलो. दुसऱ्या डावात एकाने हिशेब मांडला, की दोन गावांचे गुण गेले तरी रोम चार दिवस आधी मिळते, तेव्हा सौदा परवडतो. त्याने तो सौदा केला, आणि तो डाव जिंकला. टकर यांच्या मेजावर तो हिशेब कसा मांडला गेला असेल, हे आम्हांला त्या दिवशी जितके कळले तितके कोणत्याही पुस्तकाने कळले नव्हते. पांढऱ्या सोंगट्या आम्ही काढून टाकल्या. त्यांना आकडा दिला, तेव्हाच त्या इतरांसारख्या झाल्या होत्या.

आता आम्ही एवढेच करतो. डावाआधी कोणीतरी एक पान वाचतो. कधी मठाधिपती दियामारे यांच्याविषयी: बाँबफेकीनंतर दोन दिवसांनी, सुमारे ऐंशी वर्षांचा तो म्हातारा एक मोठा लाकडी क्रूस घेऊन वाचलेल्या लोकांसह डोंगर उतरून गेला; आमच्या पटावर ते अंतर एका घराहून कमी भरते. कधी यशवंत घाडगे यांच्याविषयी: पाचव्या मराठा पलटणीचे ते नाईक, रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे. कॅसिनोनंतर दोनच महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तुकडीतले सर्व सोबती पडल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशिनगनवर धावून गेले आणि तेथेच मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती दिला गेला. त्यांची डिव्हिजन आमच्या डबीत आहे. कोपरा दुमडलेली, वापरून मळलेली.

याने काही फरक पडतो काय, यावर आमच्यात एकमत नाही. एकजण म्हणतो, हा जेवणाआधी हात जोडण्यासारखा उपचार आहे, भूक त्याने बदलत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, हात जोडणाराही कधी कधी ताटाकडे पाहून थांबतो. ज्याला प्रायश्चित्ताच्या वेळी प्रश्न पडला होता तो काहीच बोलत नाही. खेळायला मात्र दर रविवारी येतो. गेल्या डावाचा पट अजून मेजावर तसाच आहे, वर चादर टाकलेली. सोंगट्या मे महिन्याच्या अकरा तारखेवर थांबल्या आहेत, आणि पुढच्या रविवारी फ्रेंच बाजू कोणी घ्यावी हे अजून ठरलेले नाही.